आश्रिताचे दात

४ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

काल दुपारी डोळा लागता लागता तो आवाज पुन्हा ऐकू आला. शाळेच्या कार्यालयात मी हजेरीपटाची बेरीज करत बसलोय आणि मधल्या पातळ भिंतीपलीकडे चौथीचा कवितेचा तास चाललाय. चाळीस पोरांचा एक सूर, टेबलावरची दौत थरथरावी असा. ओळ संपते, वर्ग थांबतो, आणि मग एकटीच मागून येतात तुझी शेवटची दोन अक्षरं. मास्तर ओरडायचे. मी मात्र अलीकडे टाक उचलून धरायचो आणि त्या दोन अक्षरांची वाट बघायचो. तीस वर्षं लेखनिक म्हणून त्या खोलीत काढली. एक तास शिकवला नाही, पण चौथीपर्यंतच्या सगळ्या कविता भिंतीतून पाझरून माझ्यात उतरल्या. आता कानांत बाकी काही शिरत नाही, त्या मात्र बाहेर निघायला तयार नाहीत.

असो. तुझं पत्र आणि पगारपत्रकाची नक्कल पोचली. चष्मा पुसून वाचली. ठके, हा पगार आहे की उंदरांनी कुरतडलेला कागद? वर कसा भरघोस आकडा, आणि खालच्या ओळीपर्यंत येता येता त्याची पार रया गेलेली. शेजारच्या शिंप्याला दाखवली. तो म्हणाला, "मामा, इतकं कापड कापल्यावर सदरा होत नाही, बंडी होते." दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवतेस, मेणात बोटं भाजून घेतेस, आणि सरकार मधल्या मधे चावा घेतं! त्यांना आयते दात कोणी बसवून दिले?

तू दातांची पावती मागितलीस. तीन वर्षांपूर्वी तू पाठवलेल्या पैशांतून झालेली कवळी उत्तम आहे. पावती घरातच असेल, शोधतो.

दुसरं, सोबतच्या फॉर्मवर 'आश्रित नातेवाईक' असं छापलंय आणि तिथे माझं नाव लिहिलंयस. हा आश्रित कोण, ते जरा कळव.

तुझा,
मामा


१८ मार्च

ती. मामांस,
सा. न.

फोन नको, पत्रच लिही, ही तुमची अट पाळतेय. नाहीतरी फोनवर तुम्ही तीनदा "काय?" विचारता आणि चौथ्यांदा नुसतं "हो हो" म्हणता.

पगारपत्रक समजावून सांगते. पहिली कपात आयकराची. पगार वाढला की तो नुसता वाढत नाही, त्याची टक्केवारीही चढते. दुसरी म्हातारपणाची वर्गणी : निम्मी माझी, निम्मी लॅबच्या मालकिणीची. तिसरी आजारपणाची, चौथी नोकरी गेली तर हात रिकामे राहू नयेत म्हणून. तुम्ही म्हणता तसा कोणी चावा घेत नाही. आज माझ्या वर्गणीतून इथल्या म्हाताऱ्यांना पेन्शन मिळते. मी म्हातारी झाले की तेव्हाची पोरं माझी भरतील.

आता 'आश्रित'. मी तुम्हाला दरमहा पैसे पाठवते ना, घरखर्चाला आणि औषधांना? ज्या नातेवाइकाचा निर्वाह आपल्या पैशांवर चालतो त्याच्यापायी इथे करात सूट मिळते. कवळीचा खर्चही मी तीन वर्षांपूर्वी त्यातच दाखवला होता. यंदा मी इथे परदेशात राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज केलाय, म्हणून जुनी सगळी विवरणपत्रं पुन्हा तपासतायत. तेव्हा पावती हवीच, आणि फॉर्मवर सही. 'आश्रित' हा सरकारी शब्द आहे, मनाला लावून घेऊ नका.

कवळीबद्दल तुम्ही नुसतं 'उत्तम' लिहिता. मी या धंद्यातली आहे हो! नीट सांगा. खालची बोलताना उचलली जाते का? घट्ट चावल्यावर दोन्ही बाजूंनी सारखी बसते का? 'स' म्हणताना शिटी येते का?

तुमची,
ठकी


१ एप्रिल

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

वर्गणीचं कळलं आणि मन भरून आलं. म्हणजे तू तिथल्या अनोळखी मामांना पोसतेस! तुझ्या गल्लीत कोणी काठी टेकत जाताना दिसला तर त्याला माझा नमस्कार सांग. त्याच्या चहात तुझी साखर आहे. हे तुझ्या पगारपत्रकावर कुठेच लिहिलेलं नाही, लिहायला हवं. दुसरीच्या पुस्तकात एका झाडाची कविता होती. ते झाड कुणालाही नाव न विचारता सावली द्यायचं. पोरं ती फार बेसूर म्हणायची.

मात्र एक गंमत बघ. अनोळखी मामाला पोसलंस की तुझा पगार कापतात आणि सख्ख्या मामाला पोसलंस की सूट देतात. म्हणजे सख्ख्या मामाला पोसणं हे सरकारला काहीतरी अवघड काम वाटत असणार.

फॉर्मवर सही करून पाठवतोय. बाजूच्या कोऱ्या जागेत थोडा खुलासा केलाय : "खाली सही करणाऱ्यास स्वतःची पेन्शन असून राहतं घर स्वतःचं आहे. गुडघे सोडल्यास तो कोणावरही विसंबून नाही. सदर भाची सात वर्षांची असताना तिची आई वारली, तेव्हापासून ती त्याच्याकडे वाढली. त्या काळात कोण कोणाचं आश्रित होतं, हे या फॉर्मवर विचारलेलं नाही." शिंपी म्हणाला, उत्तम मसुदा आहे.

दातांचं म्हणशील तर 'स' म्हणताना अशी गोड शिटी येते की दूर कुठेतरी गाडी सुटतेय असं वाटावं. पावतीचा शोध चालू आहे. दातांचा डॉक्टर सध्या परगावी गेलाय.

तुझा,
मामा


१६ एप्रिल

ती. मामांस,
सा. न.

मामा, तो फॉर्म होता, शाळेची स्मरणिका नव्हती! माझी कर-सल्लागार बाई दोन चष्मे वापरते, एक आकड्यांना आणि एक माणसांना. तुमचा खुलासा मी तिला भाषांतर करून सांगितला तेव्हा तिने दोन्ही काढून ठेवले. नवीन फॉर्म पाठवतेय. फक्त सही. कोऱ्या जागा कोऱ्याच ठेवा.

आणि शिटी कसली गोड? शिटी येते म्हणजे वरचे पुढचे दात चुकीच्या जागी बसवलेत. तुमचं पत्र मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगितलं. आमचा प्लास्टर ओतणारा मिशाळ म्हणाला, ज्याने ही कवळी केली त्याला इकडे पाठवा, आम्ही त्याला पहिलीत बसवतो. मागे एकदा तोंड उघडून फोटो काढायला सांगितलं, तर तुम्ही ओठ मिटून, हनुवटी वर करून, सत्काराला बसल्यासारखा पाठवलात. असा फोटो मला हत्यारांच्या पेटीवर लावायला चालेल, कामाला नाही.

आता एक गंमत. कर कार्यालयाचं पत्र आलंय. तिकडे बँकेत माझ्या नावाने मुदत ठेव आहे आणि तिचं व्याज मी सहा वर्षं लपवलं, असं त्यांचं म्हणणं! आता देशोदेशीच्या बँका एकमेकींना अशी माहिती कळवतात. इथे राहणाऱ्याने जगात कुठेही मिळालेलं उत्पन्न सांगावं लागतं. तिकडे त्यावर कर कापला असेल तर तो वजा होतो, पण सांगावं लागतंच. माझी कसली आलीय ठेव! कॉलेजात असताना तुमच्यासोबत काढलेलं ते एक खातं, त्यात चार दमड्या पडल्या असतील. नक्की माझ्याच नावाची दुसरी कोणी तरी असणार. काय नशीबवान बाई आहे, तिचा कर मला लागतोय!

तुम्ही जरा बँकेत जाऊन 'अशी ठेव नाही' एवढं लिहून आणाल? साठ दिवसांत उत्तर द्यायचंय, नाहीतर दंड, आणि परवान्याचं भिजत घोंगडं.

तुमची,
ठकी


२९ एप्रिल

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. इकडे सर्व क्षेम आहे. सकाळच्या उन्हात खिडकीच्या गजांची सावली फरशीवर पडते, तेव्हा मला आखीव वहीची आठवण येते. त्या रेघांवर अक्षरं चालत येतील असं वाटत राहतं. शिंप्याने नवीन यंत्र घेतलंय. त्याचा आवाज जुन्यापेक्षा लयीत आहे. तिसरीच्या पुस्तकात नदीची एक कविता होती, ती या यंत्राच्या चालीवर तंतोतंत बसते. शिंप्यालाही ती आता निम्मी येते.

बँकेत गेलो होतो. बंद होती. पुन्हा गेलो, तेव्हा गर्दी होती.

प्रकृतीला जप. मेणाचे चटके लागतात त्याला मलम लावत जा.

तुझा,
मामा


९ मे

मामा,

बँक एक दिवस बंद असते, आठवडाभर नसते. गर्दी असली तर तुम्ही रांगेतल्या माणसांशी गप्पा मारून येता आणि मला त्यांची बिऱ्हाडं कळवता. या वेळी एकाचंही नाही.

तुमचं मागचं पत्र मी तीनदा वाचलं. अक्षर फार सुंदर आहे. एकही खाडाखोड नाही. शाळेत असताना माझ्या गैरहजेरीच्या चिठ्ठ्या तुम्ही लिहायचात ना, 'मुलीस ताप होता' वगैरे, त्यांतलं अक्षर अस्संच असायचं. तुम्ही खोटं लिहिता तेव्हा ते देखणं येतं.

तीन प्रश्न विचारते. उत्तरं एकेका ओळीत द्या. ठेव कोणाची आहे? दातांच्या डॉक्टरचं नाव काय? आणि मी पाठवलेले पैसे जातात कुठे?

ठकी


१७ मे

चि. ठके,

ठेव तुझीच आहे. दातांचा डॉक्टर नाही. पैसे त्या ठेवीत जातात.

तू एकेका ओळीत सांगितलंस म्हणून दिलं. आता माझ्या ओळी ऐक, खाडाखोडीसकट.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या महिन्यात पहिले पैसे आले. ते हातात घेऊन मी पलंगावर बसलो. खर्च करवेना. माझी पेन्शन मला पुरते. एकट्याला लागतं किती? म्हटलं, पोरगी परक्या ठिकाणी भाड्याच्या खोलीत राहते, आज ना उद्या परत येईल, तेव्हा तिच्या हाताशी काही असावं. तुझं कॉलेजातलं जुनं खातं होतंच, आणि सहीचा अधिकार मला तूच दिला होतास. दर महिन्याच्या सात तारखेला जायचो. पुढे पुढे बँकेतली कारकून पोरगी मला बघितलं की विचारायचीसुद्धा नाही, फॉर्म काढून ठेवायची. त्यावर काही कर असेल हे डोक्यात आलंच नाही. कापायचा तो बँक इथे कापतेच, मग झालं, असं वाटलं. आपण आपल्या पोरीचे पैसे आपल्या पोरीसाठी ठेवले तर त्यात सरकारला पुसण्याजोगं काय आहे?

दातांसाठी तू वेगळे पाठवलेस, तेही तिथेच ठेवले. बिनदातांचं माझं काही अडत नाही. भात मऊ करतो, पोळी कुस्करतो. तू कौतुकाने विचारायचीस म्हणून एकदा 'छान आहेत' लिहिलं. मग तू खालची विचारलीस, वरची विचारलीस. दर पत्रात एकेक दात वाढत गेला. शिटी तर मला फारच खरी वाटली होती.

मी तुला कर बुडवणारी केली, ठके. हजेरीपटात तीस वर्षांत एका आकड्याची चूक केली नाही या माणसाने. आता त्या कार्यालयाला माझं निवेदन पाठव. सोबत जोडलंय. मनापासून लिहिलंय, शेवटी दोन ओळी मला सुचल्या त्याही घातल्यात :

चिमणी वेची काडी काडी, घरटे बांधायासाठी;
पुसतो कोणी तिज दाराशी, 'पावती काय तव गाठी?'

बघ, अधिकाऱ्याच्या काळजाला हात घालतील.

तुझा अपराधी,
मामा


२८ मे

ती. मामांस,
सा. न.

तुमचं पत्र लॅबमध्ये उघडलं. समोर पट्टीवर बारा कवळ्या ओळीने ठेवल्या होत्या, पॉलिशला निघालेल्या. बारा अनोळखी तोंडं. माझ्या घरचं एक तोंड इतकी वर्षं पोळी कुस्करतंय आणि मी त्याला पत्रातून विचारतेय, शिटी येते का! मला आधी हसू फुटलं, मग रडू आवरेना. मिशाळाला वाटलं कोणी तरी गेलं. मी म्हटलं, नाही, दातच कधी आले नव्हते.

भयंकर चिडलेय. पैशांपायी नाही. तुम्ही मला माझ्याच धंद्यात फसवलंत.

संध्याकाळी सल्लागार बाईकडे गेले. तिने आकड्यांचा चष्मा लावून सगळं लिहून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तू त्यांना पोसण्याबद्दल सूट घेतलीस, आणि त्यांनी ते पैसे न खाता तुलाच परत ठेवले. तुझा आश्रित आश्रित नाही आणि तुझी ठेव तुला ठाऊक नाही. वीस वर्षांत असं प्रकरण आलं नाही." मग दुसरा चष्मा लावून विचारलं, "हे मामा लग्नाचे राहिलेत का?"

मार्ग आहे. ठेव त्यांना कळलीच आहे, पण बाकीचं त्यांनी शोधून काढायच्या आत सगळं आपणहून कबूल करायचं : घेतलेली सूट परत, व्याजावरचा फरक भरायचा, दंड असला तर थोडका. पण मला ठेवीची माहिती नव्हती, हे तुम्ही स्वतः लिहून द्यायला हवं. कविता चालणार नाही. मी त्या दोन ओळी बाईला सांगितल्या. तिने विचारलं, "चिमणी विवरणपत्र भरते का?" तारीख, रक्कम, काय केलं, का केलं. बस. त्यांना वाटलं तर खातरजमाही करतात म्हणे, पण बहुतेक नुसता कागदच वाचतात.

आता माझं ऐका, तुम्ही खरं बोललात तर मीही बोलते. मी 'परवाना' एवढंच लिहीत आले. तो दरवर्षीचा नव्हे, कायमचा आहे. मालकीण निवृत्त होतेय, लॅब मला चालवायला देणार आहे, पण कायमचा परवाना असला तरच. कराचं प्रकरण अंगावर असेल तर तो मिळत नाही, आणि सप्टेंबरात मला इथून निघावं लागेल. मला इथे राहायचंय, मामा. हे तुम्हाला कसं सांगायचं या विचारात दोन वर्षं गेली. तुम्ही तिकडे माझ्या परतण्यासाठी पैसे साठवताय हे मला माहीत असतं, तर आणखी दोन गेली असती.

ठकी


८ जून

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चार दिवस उशाशी होतं. शिंप्याने विचारलं, काय म्हणते भाची? म्हटलं, बरी आहे, तिकडेच राहणार आहे. तो म्हणाला, "हे मला तिच्या दुसऱ्या वर्षीच कळलं होतं. तुम्हीच तेवढे माप घ्यायचे राहिलात." 

नवीन निवेदन जोडलंय. साधं आहे. अक्षरही वाईट आलंय, तेव्हा खरं समज.

"मी खाली सही करणारा, वय ७८, निवृत्त शाळा लेखनिक, असे लिहून देतो की भाचीने निर्वाहासाठी दरमहा पाठवलेली रक्कम मी सहा वर्षे स्वतःवर खर्च केली नाही. ती तिच्या जुन्या खात्यातून तिच्या नावे मुदत ठेवीत ठेवली. हे तिला माहीत नव्हते. दातांसाठी पाठवलेले पैसेही तसेच ठेवले. दात केल्याचे मी तिला खोटे कळवले होते. आजतागायत मी दात केलेले नाहीत आणि माझ्या तोंडात एकही दात नाही. कारण : ती परत येईल असे मला वाटत होते."

शेवटच्या ओळीत आधी 'वाटते' लिहिलं होतं. मग खोडलं.

तुझा,
मामा


३० जून

ती. मामांस,
सा. न.

निवेदन मुदतीत पोचलं. भाषांतर करताना शेवटच्या ओळीशी मी अडले, तेव्हा सल्लागार बाई म्हणाली, "उतरवून काढ, काही घालू नकोस." मग तिने माणसांचा चष्मा पुसला, बराच वेळ.

निर्णय सहा ते आठ आठवड्यांत. फरक भरलाय. ठेव आहे तशीच ठेवलीय, पण आता ती माझ्या विवरणपत्रात मानाने बसलीय. पुढच्या वर्षापासून करात सूट मागायची तर तुम्ही माझे पैसे खरोखर खर्च करायला हवेत. म्हणजे आश्रित व्हा, मामा. नीट, मनापासून. चांगलं खा. गुडघ्यांना दाखवा. पंखा बदला. आणि सगळ्यात आधी दात. या महिन्याच्या पैशांतून करा. खालची बसवताना घाई करू देऊ नका, दोन वेळा माप घ्यायला लावा.

आणि एक शपथ घ्या : यापुढे मला बरं वाटावं म्हणूनही खोटं नाही. माझी इथली सगळी पुढची वर्षं तुमच्या त्या एका कागदावर उभी आहेत.

तुमची,
ठकी


२२ जुलै

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

दात आले! परवा बसवले. डॉक्टर खरा आहे, त्याच्या दारावर पाटी आहे, आणि त्याने तू सांगितलंस तसं दोनदा माप घेतलं. मी त्याला म्हटलं, माझी भाची या धंद्यातली आहे, तेव्हा सांभाळून. बिचारा पूर्ण वेळ घामाघूम होता.

पहिल्याच दिवशी आरशासमोर उभा राहून दुसरीपासूनच्या कविता म्हटल्या. 'स' कसा कापसासारखा पडतो! इतकी वर्षं मी ज्या ओळी नुसत्या हिरड्यांनी गोंजारत होतो, त्या आता चावून म्हणता येतात. शिंपी दाराशी येऊन ऐकत राहिला आणि म्हणाला, "मामा, आधी तुमची कविता नुसती ऐकू यायची, आता कळतेसुद्धा. तेव्हा जरा कमी म्हणत जा." काल भाजलेले शेंगदाणे खाल्ले. अकरा. मोजून. तुझ्या पैशांनी खाल्ले, करात दाखवायचे असतील तर दाखव.

खालची डावीकडे किंचित टोचते. हे खरं लिहितोय, शपथ आहे म्हणून. लिहिताना काढून वाटीत पाण्यात ठेवलीय, वरचीही. वाटीतून दोन्ही माझ्याकडे बघून हसतायत, आणि त्यांच्या तोंडाला तोंड देता येत नाही.

तू तिकडे राहणार याची आता हळूहळू सवय करतोय. सात तारखेला पाय आपोआप बँकेकडे वळले. अर्ध्या वाटेवरून परत फिरलो आणि पंखा घेऊन आलो. नवा पंखा फार वारा देतो. कागद उडतात म्हणून मी त्याच्याकडे

थांब, बाहेर कोणी तरी आलंय. शिंप्याशी बोलतोय.

ठके, खिडकीतून पाहिलं. इस्तरीचा शर्ट, बगलेत फाईल, बुटांवर लांबच्या वाटेची धूळ. शिंपी कामावर असला की ओरडूनच बोलतो आणि समोरच्यालाही ओरडायला लावतो, त्यामुळे माझ्या कानांनाही सगळं ऐकू येतंय. तो माणूस म्हणतोय, तू राहतेस त्या देशाच्या इथल्या वकिलातीतून आलोय, एका निवेदनाची समक्ष खातरजमा करायचीय. "ज्यांना एकही दात नाही असे वयस्क गृहस्थ इथेच राहतात ना?" आणि शिंपी, या माणसाला कधी अक्कल येणार, छाती फुगवून सांगतोय, "दात नाहीत? अहो, बत्तीसच्या बत्तीस आहेत! काल शेंगदाणे खात होते!"

आता तो माणूस फाईल उघडून काहीतरी लिहून घेतोय.

मी टेबलाशी उभा आहे. वाटी समोर आहे. ती कपाटात सरकवून बोळक्या तोंडाने गेलो तर कागदावरचा शब्द न् शब्द तंतोतंत जुळतो, शिंप्याला वेडा ठरवता येतो, आणि तुला लॅब मिळते. दात घालून गेलो तर मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल, त्याला पटेल की नाही देव जाणे. आणि क्षणभर, एकच क्षण, हेही मनात आलं की नाही पटलं तर नाही पटलं, तू सप्टेंबरात घरी येशील. हेही लिहून टाकतो. शपथ तूच घातलीस.

दार वाजतंय. "मामा, आहात ना?" शिंपी ओरडतोय. "साहेबांना तुमचे दात बघायचेत!"

वरची बसली. खालची टोचतेय, पण बसली. डॉक्टरची परवाच्या तारखेची पावती खिशात घेतलीय. एकही कविता म्हणणार नाही, तारीख, रक्कम, काय केलं, का केलं, तेवढंच सांगणार. जातो. पत्र असंच पाकिटात घालतो, पुढचं तुला तिथल्या कर कार्यालयाकडूनच कळेल. दार उघडतोय, ठके, तोंड भरून "या" म्हणायला.